नावामुळे नोकरी गेली, हे मोजायचं कसं?

(टेंभुर्णी, ता. जाफराबाद, जि. जालना येथे तरुण-तरुणींसमोर केलेलं भाषण. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



मघाशी चहा घेताना तुमच्यातल्याच एका मुलानं मला गाठलं. फिटरचा आयटीआय झालेला. म्हणाला, "सर, जालन्याला सहा ठिकाणी जाऊन आलो, शेंद्र्याला दोन ठिकाणी. सगळे म्हणतात, फोन करू. फोन काही येत नाही. माझ्या नावामुळे असेल का?" मी तोंड उघडायच्या आत शेजारचा त्याचा मित्र म्हणाला, "अपने को लेतेच नई, सर. ये पूछने की बात है क्या?"

आज मला या दोन वाक्यांवरच बोलायचं आहे. पहिल्या मुलाला प्रश्न पडलाय. दुसऱ्याकडे उत्तर तयार आहे. दुसरा खोटं बोलतोय असं मी म्हणणार नाही. त्याच्या घरात, गल्लीत त्यानं काही पाहिलं असेल, तेव्हाच तो असं बोलतो. पण त्याच्या उत्तरात एक अडचण आहे. ते उत्तर ऐकून माणूस पुढचा अर्जच टाकत नाही.

आता पहिल्याचा प्रश्न. त्याला आठ ठिकाणांहून फोन आला नाही. त्यावरून भेदभाव झाला असं म्हणता येतं का? प्रामाणिकपणे सांगायचं तर नाही येत. जागा मालकाच्या भाच्यासाठी ठेवलेली असेल. ठेकेदारानं आधीच माणसं आणलेली असतील. बायोडेटावरचा मोबाइल नंबर बंद असेल, हेही मी पाहिलंय. आणि भेदभाव झालाच नाही असं म्हणता येतं का? तेही नाही येत. एका माणसाच्या एका नकारात दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. म्हणून नुसतं वाटण्यावर भागत नाही, मोजावं लागतं.

कधीकधी मोजावं लागत नाही, कारण समोरचा लिहूनच देतो. मे २०१५ मध्ये मुंबईत हे घडलं. एमबीए झालेल्या एका मुस्लिम तरुणानं हिऱ्यांची निर्यात करणाऱ्या एका कंपनीत ईमेलनं अर्ज केला. काही मिनिटांत उत्तर आलं की आम्ही फक्त बिगरमुस्लिम उमेदवार घेतो. त्यानं ते उत्तर जसंच्या तसं फेसबुकवर टाकलं. देशभर गाजलं. अल्पसंख्याक आयोगाकडे तक्रार गेली, पोलिसांनी भारतीय दंड संहितेच्या कलम १५३-ब खाली गुन्हा नोंदवला. कंपनीनं सांगितलं, प्रशिक्षणार्थी कर्मचाऱ्याची ती चूक होती, आमचं तसं धोरण नाही.

त्या वेळी अनेकांना वाटलं, चला, आता सगळ्यांना धडा मिळाला. मी आयुष्यभर पर्सनल विभागात, ज्याला आता एचआर म्हणतात, तिथं काम केलेला माणूस आहे. माझा अंदाज वेगळा होता. बऱ्याच ऑफिसांनी त्यातून एवढाच धडा घेतला असेल की असं लिहून द्यायचं नसतं. त्यानंतर तुम्हाला उत्तर येतं, "तुमचा बायोडेटा आम्ही नोंदवून ठेवला आहे."

जे कुणी लिहून देत नाही, ते पकडायचं कसं?

यासाठी एक पद्धत आहे आणि ती अगदी साधी आहे. एकाच जाहिरातीला दोन-तीन अर्ज पाठवायचे. शिक्षण सारखं, अनुभव सारखा, अर्जाची भाषाही त्याच तोडीची. फरक फक्त नावाचा. मग कोणत्या नावाला बोलावणं येतं ते लिहून ठेवायचं. एका जाहिरातीवरून काही कळत नाही. शेकडो जाहिरातींना पाठवले की योगायोग एकमेकांना कापून टाकतात, आणि उरतो तो नावाचा परिणाम.

आपल्या देशात हे काम मोठ्या प्रमाणावर ज्यांनी केलं, त्यांच्यातलं एक नाव तुमच्या जवळचं आहे. डॉ. सुखदेव थोरात. जन्म अमरावती जिल्ह्यातला, बी.ए. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयातून, म्हणजे बाबासाहेबांनी उभारलेल्या कॉलेजातून. एम.ए. मराठवाडा विद्यापीठातून. पुढे ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. त्यांनी आणि न्यूयॉर्कचे समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे मोठ्या इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिराती गोळा केल्या. ५४८ जाहिरातींना एकूण ४,८०८ अर्ज पाठवले. सवर्ण हिंदू नाव, दलित नाव, मुस्लिम नाव. निष्कर्ष २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त छापून आले.

काय निघालं? सवर्ण नावाच्या तुलनेत, तेवढीच लायकी असलेल्या दलित नावाचं गुणोत्तर निघालं ०.६७ आणि मुस्लिम नावाचं ०.३३.

इथं जरा थांबू या. हा आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर फार चुकीचा फिरतो. ०.३३ म्हणजे मुस्लिमांना ३३ टक्के नोकऱ्या मिळाल्या असं नाही. हे 'बोलावणं येण्याचं न येण्याशी' असलेलं प्रमाण आहे. समजा सवर्ण नावाच्या १०० अर्जांपैकी १० जणांना बोलावलं. १० आले, ९० राहिले, म्हणजे प्रमाण १ ला ९. त्याच्या एक तृतीयांश म्हणजे १ ला २७. म्हणजे मुस्लिम नावाच्या १०० अर्जांमागे साडेतीन-पावणेचार बोलावणी. दलित नावाच्या १०० मागे सातच्या आसपास. १०, ७ आणि साडेतीन. १० चा आकडा मी समजण्यासाठी धरलाय, पण तिघांमधलं अंतर त्या अभ्यासातलं आहे. आणि इथं गोष्ट फक्त मुलाखतीला किंवा लेखी परीक्षेला बोलावण्याची आहे. नोकरी अजून लांब. अर्ज उघडून नाव वाचलं, एवढ्यातच हे घडलं.

दुसरं उदाहरण मुलींसाठी मुद्दाम सांगतो. २०२२ मध्ये लेड बाय फाउंडेशन या मुस्लिम महिलांच्या करिअरसाठी काम करणाऱ्या संस्थेनं असाच अभ्यास केला. दोन बायोडेटा, दोघी सारख्याच पात्र. एकीचं नाव प्रियांका शर्मा, दुसरीचं हबीबा अली. सुरुवातीच्या पातळीच्या १,००० जागांना दोघींच्या नावानं अर्ज गेले. प्रियांकाला २०८ ठिकाणांहून होकारार्थी उत्तर आलं, हबीबाला १०३. जवळजवळ निम्म्यावर. त्यांनी 'निव्वळ भेदभावाचा दर' काढला, ४७.१ टक्के. तो काढतात असा: दोघींपैकी निदान एकीला तरी बोलावलं अशा जागा तेवढ्या धरायच्या. त्यात फक्त प्रियांकाला बोलावलेल्या जागांतून फक्त हबीबाला बोलावलेल्या जागा वजा करायच्या आणि उरलेल्या आकड्याचं प्रमाण काढायचं. हे वजा करणं महत्त्वाचं आहे. कारण काही ठिकाणी हबीबालाच बोलावलं जातं, प्रियांकाला नाही. ते लपवलं तर आपलं मोजमाप खोटं.

हे फक्त भारतात होतं का? नाही. अमेरिकेत बोस्टन आणि शिकागोमध्ये मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लयनाथन यांनी असेच सुमारे पाच हजार अर्ज पाठवले होते. गोऱ्यांसारख्या नावाला दहा अर्जांमागे एक बोलावणं, काळ्यांसारख्या नावाला पंधरामागे एक. फ्रान्समधला अभ्यास तर आणखी बारीक. दोन्ही मुली सेनेगली वंशाच्या, आडनाव एकच, दियुफ. एक मारी, एक खदिजा. मारीला २१ टक्के बोलावणी, खदिजाला ८ टक्के. रंग तोच, देश तोच, आडनाव तेच. बदललं ते पहिलं नाव आणि बायोडेटातून दिसणारा धर्म.

हे ऐकून तुमच्यापैकी काही जण माना डोलावताय. मराठवाड्यात याचं घरगुती रूप सगळ्यांना माहीत आहे. आपल्याकडे मुसलमानांत देशमुख आहेत, पाटील आहेत, पटेल, इनामदार आहेत. माझा एक देशमुख मित्र आहे. फोनवर "देशमुख बोलतोय" म्हटलं की पलीकडून "बोला देशमुख साहेब" येतं. खोली भाड्यानं पाहायला गेला, नोकरीला गेला, तिथं पूर्ण नाव सांगितलं की 'साहेब' गळून पडतं. तो हसत सांगतो. आम्हीही हसतो. पण फ्रान्समध्ये जो प्रयोग करायला संशोधक लागले, तो हा माणूस आयुष्यभर स्वतःवर करतोय.

आता मी तुम्हाला थोडं नाराज करणार आहे.

एक अभ्यास असाही आहे ज्यात काही सापडलं नाही. दिल्ली आणि आसपासच्या ३७१ जागांना ३,१६० अर्ज पाठवून अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी तपासलं. तेच बॅनर्जी, ज्यांना पुढे नोबेल मिळालं. २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत जातीवरून फरक दिसला नाही. कॉल सेंटरमध्ये ओबीसी नावांना फरक मोठा दिसला. मुस्लिम नावांविरुद्ध भेदभाव त्यांना आढळला नाही.

मग थोरात चूक की बॅनर्जी? कुणीच चूक नाही. जाहिराती वेगळ्या, शहरं वेगळी, कामाचे प्रकार वेगळे. ज्या कामात कौशल्य सरळ तपासता येतं आणि माणसं मिळत नाहीत, तिथं मालकाला नावाकडे बघायला परवडत नाही. जिथं 'बोलणं-वागणं कसं आहे', 'आमच्यात बसेल का' असे मोघम निकष असतात, तिथं नाव घुसतं. हे मी माझ्या अनुभवावरून सांगतो. म्हणून वेल्डिंगची टेस्ट घेऊन माणूस घेणारा कारखाना आणि गप्पा मारून माणूस घेणारं ऑफिस, यांना एकाच मापानं मोजू नका. पण आपल्याला हवा तोच अभ्यास सांगायचा आणि नको तो लपवायचा, ही सवय लागली तर पुढच्या वेळी आपलं कुणी ऐकणार नाही.

दुसरी नाराजीची गोष्ट सच्चर समितीची. २००६ च्या त्या अहवालातले आकडे तुम्हाला पाठ आहेत. आयएएसमध्ये ३ टक्के, आयपीएसमध्ये ४ टक्के, आणि लोकसंख्येत तेव्हा १३.४ टक्के. भाषणांत हे आकडे सांगून लोक थांबतात. पण त्याच अहवालात पुढे आहे की २००३ आणि २००४ मध्ये नागरी सेवेच्या लेखी परीक्षेला बसलेल्यांतच मुस्लिम ४.९ टक्के होते, आणि बसलेल्यांच्या यशाचं प्रमाण इतरांएवढंच होतं. म्हणजे त्या दारावर अडवणूक दिसत नाही. माणूस त्या दारापर्यंत पोचतच नाही. तो आधी कुठे गळाला? सातवीत? उर्दू शाळेतून बाहेर पडल्यावर? बापाच्या हातगाडीवर? की "अपने को लेतेच नई" ऐकून?

म्हणून मोजताना पहिला प्रश्न विचारायचा, भागायचं कशानं? वर किती आहेत हे सगळे सांगतात, खाली काय ठेवायचं यावर सगळं अवलंबून असतं. लोकसंख्या ठेवली तर एक उत्तर येतं, अर्जदार ठेवले तर दुसरं, पात्र अर्जदार ठेवले तर तिसरं. तिन्ही खरी. पण ती तीन वेगवेगळ्या रोगांची निदानं आहेत, आणि औषधंही वेगळी.

आता माझी स्वतःची गोष्ट. कंपनीचं नाव सांगणार नाही. मी तिथं पर्सनल विभागात नवीन होतो. अर्जांची पहिली छाननी माझ्याकडे. वरच्यांनी मला कधीच सांगितलं नाही की मुसलमान घेऊ नकोस. एकदाही नाही. पण मला भीती होती. चार पोरं आपल्यातली घेतली तर लोक म्हणतील, याचं बघा, भरती सुरू केली. म्हणून मी काय करायचो, आपल्या मुलाचा अर्ज आला की तो दहा वेळा तपासायचो. मार्क जरा कमी, बाजूला. गाव लांब, बस चुकेल, बाजूला. दुसऱ्या नावाचा मुलगा तेवढ्याच लांबून यायचा, त्याला मी बस विचारली नाही. वर्ष-दीड वर्षानं एक मुलगा माझ्यासमोर बसून म्हणाला, "चाचा, तुम्ही होतात म्हणून मी इथं अर्ज टाकला होता." त्या रात्री मी फाइली उघडून बसलो. मालकाच्या मनात काय होतं मला माहीत नाही, कदाचित काहीच नसेल. फरक माझ्याच हातानं पडला होता. तो मुलगा पुढे दुसरीकडे लागला, चांगला सुपरवायझर झाला. पण मी त्याला ते कधी सांगितलं नाही. आज इथं पहिल्यांदा सांगतोय.

यातून एवढंच घ्या की भेदभाव मोजताना माणसाची नियत शोधत बसायचं नाही. नियत कुणाला दिसते? निकाल दिसतो.

बढतीच्या बाबतीत तर हे जास्तच खरं आहे. भरतीला जाहिरात असते, अर्ज असतात. बढतीला अर्ज नसतो. साहेब एक दिवस म्हणतो, "उद्यापासून लाइन तू बघ." तिथं खोटे अर्ज पाठवून प्रयोग करता येत नाही. तिथं बॅच धरायची. एकाच वर्षी, एकाच शिक्षणावर लागलेली माणसं पाच वर्षांनी कुठे आहेत?

अमेरिकेत १९७८ पासून एक ठोकताळा आहे, त्याला चार-पंचमांशाचा नियम म्हणतात. ज्या गटाची निवड सगळ्यात जास्त प्रमाणात झाली, त्याच्या ८० टक्क्यांपेक्षा कमी प्रमाण दुसऱ्या गटाचं असेल तर कंपनीला विचारायचं, का बाबा? समजा एका खात्यात चाळीस बिगरमुस्लिम हेल्पर होते, त्यातले दहा ऑपरेटर झाले. पंचवीस टक्के. बारा मुस्लिम होते, एक झाला. आठ टक्क्यांच्या वर थोडं. पंचवीसचे ऐंशी टक्के म्हणजे वीस. आठ कुठे, वीस कुठे. घंटा वाजली.

पण घाई करू नका. त्या बारातले आणखी दोघं ऑपरेटर झाले असते तर तीन झाले असते, म्हणजे पंचवीस टक्के, बरोबरी. फक्त दोन माणसांचा फरक! दोन माणसांचा फरक आजारपणानं पडतो, गाव सोडल्यानं पडतो. म्हणून लहान आकड्यांवर शिक्का मारायचा नाही. तीन-चार वर्षांच्या बॅच एकत्र करायच्या, दोन-तीन खाती एकत्र करायची. तरीही तेच दिसलं तर मग बोलायचं, आणि ठासून बोलायचं.

आणि बढतीत नियमच वाकडा असू शकतो. वरून सगळ्यांना सारखा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७१ मध्ये एका वीज कंपनीच्या खटल्यात हे पहिल्यांदा स्पष्ट केलं. चांगल्या जागांसाठी हायस्कूल पास असण्याची आणि चाचण्यांची अट होती, त्या कामाशी तिचा संबंध दाखवता आला नाही, पण काळे कामगार तीत गळत होते. आपल्याकडे २५ मार्च २०२१ ला न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठानं लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांच्या प्रकरणात, नितिशा खटल्यात, तसंच म्हटलं. महिलांना कायम सेवा देताना त्यांचे जुने गोपनीय अहवाल पाहिले गेले. पण ते अहवाल लिहिले तेव्हा त्यांना कायम सेवा मिळणारच नव्हती, त्यामुळे लिहिणाऱ्यांनी ते त्या नजरेनं लिहिलेच नव्हते. वैद्यकीय निकष पुरुषांना तरुणपणी लावले होते, यांना चाळिशी-पन्नाशीत. कागदावर समान, परिणामात असमान. न्यायालयानं त्याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटलं.

तुमच्या कामाच्या जागी हे कसं दिसेल? पुण्याला ट्रेनिंगला कुणाला पाठवतात ते बघा. नवीन मशीन आली की पहिला हात कुणाला लावू देतात. बढतीच्या दिवशी सांगतात, "त्याला नवीन मशीन येतं, तुला येत नाही." खरंच येत नसतं. पण ते दोन वर्षांपूर्वी ठरलेलं असतं.

आता कायदा. राज्यघटनेचं कलम १६ सरकारी नोकरीपुरतं आहे. खासगी नोकरीत धर्मावरून भेदभाव केला म्हणून सरळ दाद मागता येईल असा सर्वसाधारण कायदा आपल्या देशात नाही. अपंगांसाठी २०१६ चा आहे, एचआयव्हीबाधितांसाठी २०१७ चा, तृतीयपंथीयांसाठी २०१९ चा. धर्मासाठी, जातीसाठी खासगी भरतीत नाही. सच्चर समितीनं समान संधी आयोग सुचवला होता, त्यासाठी माधव मेनन यांच्या तज्ज्ञ गटानं कामही केलं. पण आयोग उभा राहिला नाही. महाराष्ट्रात जुलै २०१४ मध्ये ५ टक्क्यांचा वटहुकूम निघाला. नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयानं त्यातलं शिक्षणाचं राहू दिलं, नोकरीचं रोखलं. पुढे त्याचा कायदा झालाच नाही. त्यावर पुष्कळ सभा झाल्या, मीही गेलोय. पण जालन्याच्या स्टील रोलिंग मिलला किंवा बियाण्याच्या कंपनीला तो लागू होणारच नव्हता, हे त्या सभांत कुणी सांगत नव्हतं.

शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना सेबीच्या नियमानं आता दरवर्षी सांगावं लागतं की महिला किती, अपंग किती. जात आणि धर्म सांगावा लागत नाही. जे मोजलंच जात नाही, त्याबद्दल "आमच्याकडे असं काही नाही" म्हणणं सोपं जातं. माझ्या मते आपली पहिली मागणी आरक्षणाच्याही आधी ही असायला हवी: मोजा, आणि नावं न सांगता आकडे जाहीर करा. मोठी मागणी नाही. पण ती कुणी करत नाही.

का करत नाही, त्याचं एक कारण आपल्या घरातही आहे. हे सांगितल्याशिवाय खाली बसलो तर मला झोप येणार नाही.

आपल्या संस्था. शाळा, कॉलेज, पतसंस्था. घटनेच्या कलम ३० नं आपल्याला शिक्षणसंस्था चालवायचा हक्क दिला. तिथं मोजलंय कुणी? शिक्षिका किती आणि मुख्याध्यापिका किती? बागवान, अन्सारी, खाटीक, पिंजारी घरातले शिपाई किती आणि सचिव किती? हे मी या जिल्ह्यात विचारतोय. जालन्याचे शब्बीर अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, दिलीपकुमार त्यांच्या सभांना यायचे. मुसलमानांत जात नाही असं म्हणणाऱ्यांना त्यांनी जातीच्या दाखल्यापर्यंत आणलं. एका संस्थेच्या बैठकीत मी होतो. एका सीनियर बाईंना सुपरवायझर करायचा विषय निघाला. एक बुजुर्ग म्हणाले, "बाई चांगल्या आहेत, पण पुरुष स्टाफ ऐकणार नाही." माझ्या डोळ्यांसमोर लगेच दुसरं वाक्य आलं, जे मी कंपनीत ऐकलं होतं: "मुलगा चांगला आहे, पण बाकीचे कामगार ऐकणार नाहीत." शब्दही तेच. मी बैठकीत ते बोललो. बाईंना पद मिळालं का? नाही मिळालं. चहा मात्र आला.

तर, करायचं काय? एक वही करा. दोनशे पानी, साधी. गावातले वीस-पंचवीस जण मिळून करा, मुलींची पानंही तिच्यात असू द्या. तारीख, जागा कोणती, जाहिरात होती की ओळखीतून कळलं, काय पाठवलं, कुणाशी बोललात, काय उत्तर आलं, किती दिवसांनी. मुलाखतीत काय विचारलं तेही, "मोहल्ला कोणता" विचारलं असेल तर तेही लिहा. आणि तुमच्याच आयटीआयच्या बॅचमधल्या गणेशला, सिद्धार्थला सोबत घ्या. त्यांची पानं तुमच्या शेजारी नसतील तर त्या वहीला अर्थ नाही. दोघांचं शिक्षण एक, गुण जवळपास एक, एकाच गेटवर गेलात, कुणाला काय सांगितलं? त्यांना विश्वासात घेऊन सांगा. मला खात्री आहे, सिद्धार्थच्या पानावर त्याची स्वतःचीही एक गोष्ट निघेल.

एक मात्र करू नका. संशोधक खोट्या नावानं अर्ज करतात, त्यांच्या मागे विद्यापीठ असतं, नियम असतात. तुम्ही खोटा बायोडेटा, खोटं प्रमाणपत्र पाठवू नका. उद्या तुमच्यावरच केस होईल, आणि खरा मुद्दा त्याखाली गाडला जाईल.

आणि दोन वर्षं नीट भरल्यावर वहीत काहीच फरक दिसला नाही तर? तर तेही तेवढ्याच मोठ्या आवाजात सांगा. मग आपला शोध दुसरीकडे न्यावा लागेल, शाळेकडे, एसटीच्या वेळांकडे, आपल्या घरातल्या निर्णयांकडे.

तो फिटर मुलगा कुठे बसलाय? हां, मागे. बेटा, तुझी आठही ठिकाणं आधी लिहून काढ, तारखांसकट. जिथं टेस्ट झाली नाही तिथं खूण कर. आणि पुढच्या सोमवारी नवव्या ठिकाणी जा. तुझ्या मित्रालाही सोबत ने, त्याचाही अर्ज घेऊन. त्यानं अजून एकही टाकलेला नाही, मी विचारलं त्याला.

बसतो. प्रश्न विचारा. आधी मुलींनी विचारावेत.